ब्रश धुवायचं पाणी

माझी नात मुक्ता सकाळपासून फोनवर चित्रकारांचे स्टुडिओ बघतेय. "प्रेरणा मिळते गं, आजी!" मीही चष्मा चढवून डोकावले. मोठी खिडकी, मांडून ठेवल्यासारखे विस्कटलेले रंग आणि बरणीत ब्रश धुवायचं पाणी. ते इतकं नितळ, की खुशाल प्यावं! माझ्या मनात पाल चुकचुकली. रंगवणाऱ्याचं पाणी असं राहीलच कसं?

मी तरी कुठे वेगळी होते म्हणा! तरुणपणी एका चित्रकाराचा स्टुडिओ पाहून आले आणि त्यांच्यासारखा ढगळ झब्बा शिवून घेतला. त्यावर डाग हवेत म्हणून तेही मुद्दाम पाडले. या बाईसाहेबांनी त्या वर्षी रंगवला तो एवढा झब्बाच. ते चित्रकार कसे उभे राहतात, हे मी डोळे फाडून पाहिलं. ते काय बघत होते, तिकडे मात्र लक्षच गेलं नाही.

"आजी, तुझं पेरूचं झाड कुठवर आलं? नुसत्या पेन्सिलीच्या रेघाच आहेत अजून. बिघडेल म्हणून घाबरतेस ना?"

"छे! काम चालू आहे माझं."

मुक्ता संशयाने माझ्या टेबलाकडे निघाली. माझ्या वाटीतलं पाणीही नितळच होतं. मी लगबगीने पुढे झाले, हिरव्यात ब्रश बुडवला आणि वाटीत खळखळून धुतला.

"हे बघ, गढूळ!"

"आणि कागद गं?"

ब्रशला थोडा हिरवा उरला होता. रंग वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. पेरूचं पहिलं पान जरा वाकडंच आलं.