बुजगावण्याचा गुलाबी सदरा

माळावर वारा सुटला की वाळलं गवत, पाला, कुणाच्या लग्नातली पत्रावळ, सगळं उडत जाऊन कुपणाला अडकतं. किश्श्यांचंही तसंच. इथं ऐकायला कुणी नाही, त्यामुळं ते साचत राहतात. तुमच्यासारखं कुणी जरा टेकून बसलं की एकेक सुटतो.

होटगीच्या अलीकडं आमचा माळ. फॉरेस्टनं तिथं हरणांसाठी एक तुकडा राखलाय. उन्हाळ्यात माळावर काडी उरत नाही. मग हरणं रस्ता ओलांडून पलीकडच्या उसाकडं पळतात आणि गाडीखाली सापडतात, नाहीतर कुत्री फाडतात. म्हणून त्या तुकड्यात कडवळ पेरायचं, म्हणजे चाऱ्याची ज्वारी. ते टँकरच्या पाण्यावर जगवायचं आणि पाऊस येईस्तोवर हरणांना अलीकडंच धरून ठेवायचं. या कामावर दोन म्हातारे, मी आणि मैंदर्गीचा सिद्राम.

गावात आम्हाला 'हरणांचे सालगडी' म्हणायचे. सून पुण्यात शेजारणींना सांगते, "मामंजी फॉरेस्टात असतात." लेक फोनवर विचारतो, "बरं हाय न्हवं?" मी म्हणतो, "बरं हाय." मग त्याची रेंज जाते. तशी रेंज या माळावर चांगली असते.

*

कडवळाची एक खोड आहे. कोवळं असताना, त्यात पाणी कमी पडलेलं असलं, तर ते जनावराला विषासारखं लागतं. आमच्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. आमच्या गार्ड मॅडम पोरीच्या वयाच्या, पण शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी बजावलं, "तात्या, फुलोरा येईपर्यंत एक हरीण आत जाता कामा नये."

झालं. ज्यांच्यासाठी पेरलं त्यांनाच हाकलत बसायचं! कुपणाला हरणांपुरती फट ठेवलेली, तिच्याबाहेर उभी राहून ती हिरव्याकडं बघायची, आम्ही काठ्या घेऊन त्यांच्याकडं बघायचो.

सिद्राम म्हणाला, "लगीन आपल्या घरचं, पत्रिका आपुन दिली, आन दारात काठी घिऊन बी आपुनच उभारायचं. पाव्हण्यांनी काय समजायचं, तात्या?"

*

दिवसभर काठी धरून हात दुखायला लागले तेव्हा बुजगावणं करायचं ठरलं. दोन दांड्या, डोक्याला मडकं. अंगात घालायला मी माझी जुनी बंडी काढली, पण ती इतकी विटलेली की मातीत दिसेना.

पुढच्या खेपेला गावाहून येताना सिद्राम पिशवीतून सदरा घेऊन आला. कोरा करकरीत, गुलाबी. बायकोनं पुतण्याच्या लग्नासाठी हौसेनं शिवून घेतला होता. "ह्यात मी बँडवाला दिसतो," म्हणाला. मी विचारलं, "आन वैनींनी विचारलं तर?"

"सांगितलं की, एष्टीत ऱ्हायला."

सदरा घातला आणि बुजगावणं असं खुललं की हरणंच काय, वाटेनं जाणारी शेळीसुद्धा थबकली. सिद्राम लांबून बघत म्हणाला, "बघ. मला न्हाय शोभला, त्येला शोभला."

*

टँकरवाला मौलाभाई. त्याला लांबचं कमी दिसतं आणि गाडी चालवताना ते तो कबूल करत नाही. एका दुपारी त्यानं कुपणाजवळ टँकर उभा केला, हॉर्न वाजवला, हात वर करून सलाम घातला आणि पाणी कुठं सोडू म्हणून ओरडत राहिला. उत्तर येईना. शेवटी चिडून माझ्याकडं आला.

"चाचा, तुमारा जोडीदार भोत घमंडी है. गुलाबी शर्ट क्या पैना, सलाम का जवाब बी नै देता."

खरा सिद्राम लिंबाखाली आडवा होऊन सगळं ऐकत होता. हसता हसता त्याला असा ठसका लागला की टँकरचंच पाणी पाजावं लागलं.

*

दुपारचं जेवण आमचं लिंबाखाली. मी तुकड्याच्या ह्या कडेला असायचो, सिद्राम त्या कडेला. ऊन डोक्यावर आलं की तो तिकडून हाक घालायचा, "ऊट आय्तेन?" कानडीत, जेवण झालं का म्हणून. झालेलं नाही हे त्याला ठाऊक असायचं, डबे तर एकाच फांदीला टांगलेले. तरी रोज विचारायचा. मी म्हणायचो, "अजून न्हाय." मग दोघं लिंबाखाली जायचो आणि घटकाभर हलायचो नाही.

हरणांनी हे बरोबर हेरलं. ती हाक आली की आता म्हातारे बसणार. बाभळीखालनं कळप उठायचा, काळा नर पुढं, आणि सगळी निवांत कुपणाबाहेरच्या पाणवठ्यावर यायची.

एकदा सिद्रामचा घसा बसला होता. म्हटलं, आज मी हाक मारतो. खड्या आवाजात ओरडलो, "जेवलास का रं?" कळप असा उधळला की संध्याकाळपर्यंत शेपूट दिसलं नाही.

सिद्राम बसल्या घशानं म्हणाला, "सरकारी मराठी हाय ती. कोन थांबतंय?"

*

चैत्रात तो जत्रेला म्हणून मैंदर्गीला गेला. डबा आणि घोंगडं फांदीवरच ठेवून गेला, दोन दिवसांत यायचं होतं की. तिथंच झोपेत गेला. मौलाभाईनं येऊन सांगितलं. त्या दिवशी त्यानं हॉर्न वाजवला नाही.

कडवळ मी एकट्यानं जगवलं. कमरेइतकं वाढलं, फुलोरा आला. मॅडम म्हणाल्या, "तात्या, आता बुजगावणं काढा. येऊ द्या त्यांना." मी म्हणालो, काढतो.

सकाळी जायचो तर तो गुलाबी सदरा वाऱ्यानं फुगलेला असायचा, आत माणूस असल्यासारखा. मी भाकरी त्याच्याजवळ बसून खायला लागलो. उद्या काढू म्हणायचो.

हरणं कुपणापर्यंत यायची, सदऱ्याकडं बघायची आणि रस्त्याकडं वळायची. एका सकाळी एक मादी रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली. मॅडमनी तिच्यावर गोणपाट टाकलं. मग वळून गुलाबी सदऱ्याकडं बघितलं.

*

त्याच दुपारी सिद्रामची बायको आली. डबा आणि घोंगडं न्यायला, मैंदर्गीहून एष्टी बदलत, एकटीच. मी डबा काढून दिला. पण तिचं लक्ष तिकडं गेलं होतं.

"अण्णा, त्यो सदरा."

मी घोंगडं फांदीवरनं ओढून झटकायला घेतलं.

"एष्टीत ऱ्हायला म्हनले हुते. मी डेपोत जाऊन भांडून आले की."

कडवळातनं वाट काढत ती आत गेली. आधी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग एकेक बटण सोडलं, सदरा काढला, झटकला, घडी घालून काखेत घेतला. मडकं उतरवून खाली ठेवलं. दोन्ही दांड्या हलवून हलवून उपटल्या आणि बाहेर आणून कुपणाला टेकवल्या.

मग लिंबाखाली बसली. पदराखालचं फडकं सोडलं, भाकरी होती, शेंगाची चटणी होती. मी तिच्यामागं गेलेलो, अजून कडवळाच्या कडेलाच उभा. तिनं रानात हाक मारावी तशी हाक मारली.

"अण्णा, ऊट आय्तेन?"

बाभळीखाली माना वर झाल्या. काळा नर उठला. कुपणाच्या फटीशी आला, थांबला, आत शिरला.

मी म्हणालो, "अजून न्हाय."