मी ओळख दाखवली नाही

लोकांना वाटतं, समुपदेशकाचं काम म्हणजे तासभर ऐकून घ्यायचं. तासभर ऐकणं सोपं आहे हो, अवघड जातो तो बाकीचा आठवडा. सांगलीत एका भडंगाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. तिथं येणाऱ्यांना वाटतं, जिना उतरल्यावरही मी त्यांचीच. एका बाईंना मी त्यांच्या वास्तुशांतीला हवी होते. एका गृहस्थांनी मुलीला आलेल्या स्थळाचा फोटो पाठवून विचारलं, "चेहऱ्यावरून कसा वाटतो?" रविवारी दुपारी डोळा लागतो न लागतो तोच फोन, "पाचच मिनिटं, मॅडम." माझं माहेर साताऱ्याचं, जीभ तिखट. पण या कामात तिखट बोलून चालत नाही, म्हणून मी आतल्या आत धुमसत असते.

त्यासाठी पहिल्याच भेटीत मी एक नियम सांगून टाकते. बाहेर कुठं भेटलो तर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नक्की बोलेन. तुम्ही माझ्याकडे येता हे चारचौघांत कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

वाळवा तालुक्यातल्या एका निवृत्त फौजींना हा नियम सांगायचा राहून गेला. पहिल्या भेटीत ते बोललेच नाहीत, नुसते रडले. पुढं हळूहळू कळलं. शेताच्या बांधावरून भांडण झालेलं आणि शेजारीच राहणारा धाकटा सख्खा भाऊ सात वर्षं बोलत नव्हता. "रोज सकाळी दारात गाठ पडती, म्याडम. त्यो मान वळवतो. गोळी परवडली, पर ह्ये न्हाई." चार महिने आम्ही त्यावरच बोलत होतो. मग एका मंगळवारी ते म्हणाले, "रविवारी पाव्हण्यांत लगीन हाय. तिथं मीच आधी बोलणार भावासंगं." मला फार आनंद झाला. लग्न कुठं, कुणाचं, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

त्या रविवारी मी नवऱ्याच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला इस्लामपूरला गेले होते. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. हातात ताट घेऊन उभी होते, तर समोरून तेच आले. डोक्याला फेटा, चेहराभर हसू, मला बघून हात वर केलेला. त्यांच्यामागं कुणीतरी होतं. आणि मी पाठ फिरवली. नवऱ्याला म्हटलं, "चल, मठ्ठा घेऊ." माझ्याच नियमानं मी बोलायला हवं होतं, कारण ओळख त्यांनी दाखवली होती. पण रविवार होता, अंगावर ठेवणीतली साडी होती आणि मला त्या दिवशी कुणाचीही मॅडम व्हायचं नव्हतं. खरं कारण एवढंच. चोरून मागं बघितलं, तर वर केलेल्या हातानं ते आपला फेटा सारखा करत होते.

मंगळवारी ते आले नाहीत. मी मेसेज केला, तो वाचलेला दिसला, उत्तर नाही. त्या तासात मी खिडकी चारदा उघडली आणि लावली. घरी आमटीत मीठ कमी म्हणून नवऱ्यावर डाफरले, आणि आमटी मीच केली होती. पुढच्या मंगळवारी फोन लावला आणि वाजायच्या आत तोडला. काय बोलणार होते? मान वळवण्यानं खचलेला माणूस माझ्याकडे आला आणि मीही तेच केलं. मला माझी लाज वाटत होती.

तिसऱ्या मंगळवारी ते आले, पण बसले नाहीत. मी म्हटलं, "मी तुम्हाला बघितलं होतं. मुद्दाम तोंड फिरवलं. चुकलं माझं."

"ठावं हाय. माझं काय न्हाई वो. पर मागं भाऊ हुता. सात वर्सांनी बोलला हुता. म्हणलं, चल, ज्यांच्यामुळं मी तोंड उघडलं त्यांची गाठ घालून देतो. तुमी फिरला. त्यो म्हणला, खोटं बोलतोस, ती बाई तुला वळखत बी न्हाई. तवापासनं परत अबोला धरायच्या बेतात हाय. आज बळंच आणलाय, खाली च्याच्या गाड्यावर बसलाय. उतरता का जरा?"

असं भर रस्त्यावर जाऊन बोलायचं मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "चला."

भाऊ बाकड्यावर बसला होता, तोंड रस्त्याकडं. भोवती सात-आठ गिऱ्हाइकं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नमस्कार. मी यांना चांगली ओळखते. त्या दिवशी मीच तोंड फिरवलं. हे खोटं बोलले नव्हते."

तो उठला, टॉवेलनं बाकडं पुसलं, मला बसायची खूण केली.

"म्याडम, ह्यो आता झोपतो का?"

मला प्रश्न कळला नाही.

"आमची भिंत एकच हाय. रातभर ह्यो घरात येरझाऱ्या घालतोय. सात वर्सं ऐकतोय मी. मग मलाबी झोप लागत न्हाई."

याचं उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी फौजींकडं बघितलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते.

"मग एक हाक मारायची न्हाईस व्हय रं," ते भावाला म्हणाले.