जुनी रेघ

हॅनोवरच्या राजवाड्याच्या बागेत मी त्या माळ्याला एकदाच पाहिलं. दोरी ताणून तो गुडघाभर उंचीचं हिरवं कुंपण कापत होता. चार पानं कापली की मागे सरकायचा, एक डोळा मिटून दोरीकडे बघायचा, मग पुढची चार. इतक्या सावकाश काम करणाऱ्याला आमच्या ऑफिसात कुणी ठेवलं नसतं.

पुण्याहून आलेल्या सासूबाई मात्र हिरमुसल्या होत्या. महायुद्धात पडलेला राजवाडा अलीकडेच पुन्हा बांधलाय, हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

“म्हणजे डुप्लिकेटच की गं!”

काय म्हणाल्या, असं माळ्याने विचारलं. मी ओशाळून जर्मनमध्ये सांगितलं. तो खळखळून हसला.

“गेनाऊ, अगदी बरोबर! आणि ही पानंसुद्धा याच वर्षीची. इथे जुनी आहे ती फक्त रेघ. ती आम्ही मोडू देत नाही.”

त्याचं बोलणं मी सासूबाईंना मराठीत सांगेपर्यंत पुन्हा त्याचा एक डोळा मिटला होता.

निघताना त्याची दोरी आडवी आली. मी पाय उचलला, तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

“ओलांडू नकोस गं. वळसा घालून जाऊ.”