नीलांबरीताईंची बेरीज

राजूरच्या आमच्या शाळेत नीलांबरीताई कारकून आहेत. कुठल्याही कागदावरची बेरीज त्या पेन्सिलीनं कोपऱ्यात पुन्हा करतात, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. संगणकातून छापून आलेल्या कागदावरसुद्धा. मी वैजनाथ, गणिताचा मास्तर, त्यावरून त्यांना वर्षानुवर्षं चिडवत आलो. त्या हसायच्या आणि पेन्सिलीला टोक काढायच्या.

गेल्या जूनमध्ये मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज पीडीएफ फॉर्मवर मागवले होते. मार्क, घरापासूनचं अंतर, घरची परिस्थिती, असे तीन आकडे भरले की खालच्या चौकोनात एकूण गुण आपोआप उमटायचे. त्या चौकोनात आपल्याला काही टाइप करता यायचं नाही. पहिला फॉर्म मी रविवारी घरी, संगमनेरला, माझ्या लॅपटॉपवर भरला. एकूण आले एकसष्ट. सोमवारी शाळेत तोच फॉर्म कॉपी करून नाव आणि आकडे बदलत गेलो. उरलेले दहा तासाभरात उरकले आणि स्वतःवर खूश झालो.

शेवटच्या दिवशी दुपारी ताईंनी छापलेले अर्ज माझ्यासमोर ठेवले. "सर, अकराही मुलींना एकसष्टच कसे?"

"संगणक चुकत नाही, ताई," मी तोऱ्यात म्हणालो.

"तो चुकला नाही. त्यानं बेरीज केलीच नाही."

बेरीज करणारा छोटा प्रोग्राम फॉर्मच्या आतच असतो, आणि सुरक्षेसाठी शाळेच्या संगणकावर असे प्रोग्राम बंद ठेवले होते. मी आकडे बदलले, पण बेरीज पहिल्या मुलीचीच राहिली.

त्यातल्या रुपालीचे खरे गुण होते अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षी सत्तरच्या खाली कुणालाच जागा मिळाली नव्हती. तिचं गाव डोंगरापलीकडे. इतके दिवस ती मामाकडे राहून शिकली, आता तिथं सोय नव्हती. वसतिगृह मिळालं नाही तर शाळा बंद, असं तिची आई कडूबाई सांगून गेली होती. प्रोग्राम चालू करायचा पासवर्ड आमच्याकडे नव्हता, लॅपटॉप संगमनेरला होता आणि मुदत पाचपर्यंत.

ताईंनी कोरा फॉर्म उघडला. त्यात एकूणचा चौकोन रिकामा होता. दहाही अर्ज त्यांनी नव्यानं भरून छापले, चौकोनात पेनानं बेरीज लिहिली, शेजारी मुख्याध्यापकांची सही घेतली. साडेचारला आम्ही दोघं तालुक्याच्या कार्यालयात होतो. एकसष्टचा घोटाळा ताईंनी तिथल्या साहेबांना सांगितला.

"हातानं लिहिलेलं चालत नाही," साहेब म्हणाले.

ताईंनी पेन्सिल पुढं केली. "मग तुम्हीच करून बघा, साहेब."

रुपालीचे एक्केचाळीस, पंचवीस, बारा. साहेबांनी बेरीज केली, अठ्ठ्याहत्तरच आली. त्यांनी विचारलं, "आधीची चूक कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "तपासायचं काम माझं आहे."

साहेबांनी शिक्का मारला.

यादीत रुपाली तिसरी आली. कडूबाई तिला आणि तिची पेटी घेऊन शाळेत आली ती थेट माझ्याकडे. "सर, तुमी फारम लई चांगला भरला बगा."

ताई शेजारीच पेन्सिलीला टोक काढत होत्या. मला ते श्रेय पेलवलं नाही.

"मावशी, मी तर तुमच्या पोरीची जागा घालवली होती. फॉर्म यांनी भरला."

कडूबाईनं दोघांकडं पाहिलं. "मंग रुपाली, आदी त्यांच्या पाया पड."

ताई लाजून मागं सरकल्या. चूक माझी उघडी पडली होती, तरी ताईंच्या अभिमानानं माझी मान ताठ होती. अशी बाई आमच्या शाळेत आहे.