पिन टाकली का?

उघडी मोटरसायकल दिसली की ते दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत घट्ट अडकवायचे. मग वाकायचे, मान तिरकी करून इंजिनात बराच वेळ डोकावायचे आणि सरळ होत म्हणायचे, "हम्म. शोरूमला दे."

तुमच्याही गल्लीत असे एखादे काका असतील, ज्यांना सगळं येतं पण ते काहीच करत नाहीत. हे आमचे शेजारी. जबलपूरला आम्ही घर घेतलं ते त्यांच्या भिंतीला भिंत लागून. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, आम्ही आलो तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. समोरचा दुकानदार पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "भाभी, एक ज़माने में अंकल जी आवाज़ सुनके बता देते थे, कौन सा बेअरिंग गया है." एका जमान्यात, असं सगळेच म्हणायचे. पुढचं कोणी सांगत नव्हतं, आणि नवीन माणसानं विचारायचं कसं?

मी जबलपूरजवळच्या पाटनच्या शाळेत शिकवते. बसच्या भरवशावर पहिला तास मिळत नाही, म्हणून रोज मोटरसायकलनं जाते. मोटरसायकल चालवणारी बाई याचं गल्लीला सहा महिने नवल वाटलं, मग ते संपलं. काकांचं मात्र संपलं नाही. मी निघाले की ते फाटकाशी उभे. गाडीकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

त्यांच्याकडेही मोटरसायकल होती. दर तीन महिन्यांनी ते ती सर्व्हिसिंगला नेत, अगदी तारखेला. एकदा आमची वेळ एकच आली. सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकांसाठी काचेची थंडगार खोली होती, टीव्ही होता, चहा होता. काका तिकडे फिरकले नाहीत. जिथे गाड्या खोलतात त्या कठड्याला टेकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे राहिले, हात पाठीमागे. सुपरवायझर मला हळूच म्हणाला, "मॅडम, ये अंकल जी आते हैं ना, तो हमारे मिस्त्री चाय पीने भी नहीं जाते."

परत आल्यावर त्यांचा एकच प्रश्न असे, "कागद घेतला ना?" कागद म्हणजे काय काय केलं त्यावर बरोबरच्या खुणा आणि खाली सही. त्यांच्याकडे असे कागद फायलीत लावलेले होते, पहिल्यापासून सगळे. मला हसू यायचं. ते चुकलंच माझं.

माझी गाडी मात्र सकाळी दिली की संध्याकाळी मिळायची आणि शाळेची एक रजा जायची. एवढं करून चेन तशीच सैल. गाडी तेवढी धुऊन चकचकीत. दोनदा असं झालं आणि मी ठरवलं, आता आपणच करायचं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, पाने आणले आणि एका रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसले.

भिंतीवरून आवाज आला, "काहून हात काळे करून राहिली बेटा? शोरूमवाले काय संपावर गेले?"

"काका, ते फक्त धुऊन देतात."

"कागद तर देतात."

"कागदानं चेन टाईट होत नाही."

ते हसले नाहीत. पण गेलेही नाहीत. मी ऑईल बदलत होते आणि भिंतीवरून एकेक वाक्य गळत होतं. "जुना वॉशर लावू नको." "आधी हातानं फिरव, पाना नंतर." "बस, बस! इतकं आवळशील तर आटे जातील."

शेवटी मी म्हटलं, "मग तुम्हीच या ना इकडे, करून दाखवा."

वर पाहिलं तर ते नव्हते.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग चेन ओढून घट्ट करायचा दिवस आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवणारी लोखंडाची एक पट्टी असते. तिच्या नटातून केसांच्या पिनेसारखी एक बारीक पिन घालून तिची टोकं दुमडतात, म्हणजे नट फिरून गळत नाही. माझ्या गाडीत चेन ओढायची तर ही पिन काढावी लागते आणि काम झाल्यावर नवी टाकावी लागते. मी टाकली. हात धूत होते तेव्हा भिंतीवरून विचारणा झाली, "पिन टाकली का?"

"टाकली काका."

"दाखव."

मी गाडी वळवून दाखवली. दुपारी कपडे वाळत घालताना पुन्हा, "पिन टाकली का?" संध्याकाळी मी तुळशीपाशी, तर पुन्हा तेच. सोमवारी सकाळी हेल्मेट घालून बाहेर आले, तर ते थंडीत शाल गुंडाळून फाटकाशी उभे होते. "बेटा, पिन..."

"काका, किती वेळा? दाखवली ना तुम्हाला!"

मी ओरडलेच. ते खाली बसले, गुडघ्याला हात लावून, मागच्या चाकापाशी तोंड नेऊन पाहिलं, आणि उठून बाजूला झाले. पाटनपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली.

दुपारी शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते व्हरांड्यात होते, काकू मटार सोलत होत्या. मी म्हटलं, "काका, सकाळी चुकलं माझं." काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि आत गेल्या. मग ते बोलले. समोर रस्त्याकडे बघत, मध्ये न थांबता.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याचकडे राहायचा. पाटनला बियाण्यांच्या दुकानात नोकरीला होता, माझ्यासारखाच रोज जा-ये करायचा. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची गाडी काकाच सांभाळायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. "शोरूमला दे म्हणे तो. मीच म्हटलं, अरे, घरात फिटर असताना शोरूम काहून पाहिजे?" एका रविवारी त्यांनी मागच्या ब्रेकचे शू बदलले. पट्टी बसवली, पिन पेपरवर काढून ठेवली होती. तेवढ्यात वरची टाकी भरून पाणी वाहायला लागलं. ते मोटर बंद करायला उठले.

"परत येऊन नट कसला, ते आठवते. हात पुसले, ते आठवते. पेपरची घडी केली, तेही आठवते. पिन आठवत नाही, बेटा. टाकली असेल. रोजचं काम होतं, हातानं टाकलीच असेल. पण आठवत नाही."

सोमवारी सकाळी भाऊ निघाला. पाटनच्या अलीकडे एक पुलिया आहे, छोटासा पूल. समोर म्हैस आली, त्यानं ब्रेक दाबला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. तो तिथेच गेला.

"चाक जाम व्हायची दहा कारणं असतात. पिन नसून पट्टी सुटली तर होते, चेन उतरली तरी होते." तेराव्यानंतर ते पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी पाहायला गेले. हँडल होतं, टाकी होती. मागचं चाक नव्हतं, प्लेट नव्हती, पट्टी नव्हती. कोणी आणि केव्हा काढून नेलं, कोणालाच माहीत नव्हतं. "चलो, म्हटलं मी. आता कधीच समजणार नाही."

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. कारखान्यातही त्यांनी बसून करायचं काम मागून घेतलं.

आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता. ते म्हणाले, "तू माझ्यासाठी शोरूमला दे. तुझ्या हातून काही राहिलं, तर तू कुठं जाशील?"

मी दिली. पुढच्याच महिन्यात, त्यांच्यासाठी, एक रजा टाकून. संध्याकाळी गाडी घेऊन आले तेव्हा ते वाटच पाहत होते. "कागद घेतला ना?" मी कागद दिला. चेन, बरोबर. ब्रेक, बरोबर. खाली सही. त्यांनी तो नीट वाचला आणि सवयीनं मागच्या चाकापाशी वाकले.

बराच वेळ ते उठले नाहीत. मी जवळ गेले. चेन ओढलेली होती, नट लावलेला होता. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. पिन नव्हती.

शोरूम बंद करायच्या घाईत कोणाला तरी कोणी हाक मारली असेल. अशीच एखादी टाकी वाहिली असेल. काका एकदा कागदाकडे बघत होते, एकदा त्या भोकाकडे. मला वाटलं, आता त्यांना जरा हलकं वाटेल. मी म्हटलंही, "बघा काका, सगळ्यांच्याच हातून राहतं."

"हो," ते म्हणाले. "पण तो मिस्त्री आता घरी जाऊन जेवेल. त्याला माहीतही नाही."

मग म्हणाले, "तुझ्याकडे पिन आहे का एखादी?"

मी आणून दिली. त्यांच्या हातून पिन दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा भोकात गेली. टोकं दुमडायला त्यांनी पक्कड मागितली, आणि पकडीत ती टोकं धरल्याबरोबर हात स्थिर झाले. इतके स्थिर की मी बघतच राहिले. काम झाल्यावर ते मोठ्यानं म्हणाले, "पिन टाकली." माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही असं मोठ्यानं म्हणत जा. म्हणजे आठवते."

त्यानंतर गाडी घरीच उघडायची असं ठरलं. काका स्टुलावर बसून सांगायचे, मी करायची. शेवटी मी ओरडायची, "पिन टाकली!" आणि भिंतीपलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज क्षणभर थांबायचा. दर वेळी थांबायचा. काका मान हलवायचे, आणि संध्याकाळी तरीही विचारायचे. आता मी चिडत नव्हते. आपण होऊन गाडी वळवून दाखवत होते.

ते गेले त्याला दुसरं वर्ष लागलं. झोपेतच गेले. त्यांना पोचवायला नर्मदेवर ग्वारीघाटला मीही गेले होते. गल्लीतले लोक अजून त्यांच्या कानाबद्दल बोलतात, आवाजावरून बेअरिंग ओळखायचे वगैरे. मी ऐकून घेते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक सकाळ येते.

शाळेला निघाले होते. फाटकाशी ते नव्हते, म्हटलं थंडी आहे, झोपले असतील. पाटनच्या अलीकडे त्या पुलियापाशी रस्त्याच्या कडेला कोणीतरी ओणवं दिसलं. जवळ गेल्यावर शाल ओळखली. ते पहिल्या बसनं आले होते. हातात दोरी, दोरीला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक बांधलेलं. ते गवतातून हळूहळू फिरवत चालले होते.

"काका!"

"तू जा बेटा, शाळेला उशीर होईल. माझं थोडंच राहिलं."

तो रस्ता मधल्या काळात दोनदा नवा झालाय. कडेची माती कितीदा उकरून टाकलीय. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि दुसऱ्या टोकाकडून हातानं गवत चाळायला सुरुवात केली. पहिला तास बुडाला, दुसराही. ट्रॅक्टर जात होते, लोक वळून बघत होते. चुंबकाला तारा चिकटत होत्या, बाटल्यांची झाकणं, एखादा नट.

आणि मला एक पिन सापडली. गंजलेली, टोकं दुमडलेली. म्हणजे कोणीतरी नीट टाकलेली आणि नंतर तुटून पडलेली. मी धावत त्यांच्याकडे गेले. "काका, हीच असेल. बघा, दुमडलेली आहे. तुम्ही टाकली होती."

त्यांनी ती तळहातावर घेतली. शालीच्या टोकानं पुसली. बोटांत धरून उजेडाकडे केली, अंगठ्याच्या नखाशी लावून तिची जाडी पाहिली. मी मनात म्हणत होते, हो म्हणा काका. एकदा हो म्हणा. इथे कोण आहे विचारायला?

"नाही बेटा," ते म्हणाले. "ही जाड आहे. ट्रॉलीची."

त्यांनी ती माझ्या हातात परत दिली आणि दोरी सोडत पुढच्या गवताकडे सरकले.