डोळ्याच्या कोपऱ्यातले सरडे

माझी वहिनी सरडे शोधायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणजे नेमकं काय करायची, असं विचारतात. मला त्या प्रश्नाचा वीट आलाय. शेजारच्या शिक्षिकेचं तर ठरलेलंच असतं, की त्यात शोधायचं काय, कुंपणावर असतातच की. अहो बाई, ते कुंपणावरचे वेगळे. हे रंग बदलणारे, एक पाय पुढे टाकायचा की नाही याचा दहादा विचार करणारे, एक डोळा आभाळाकडे आणि एक जमिनीकडे ठेवणारे. दिवसा पानांत शिरले की त्यांच्या आईलासुद्धा सापडायचे नाहीत.

वस्तीच्या टोकाला, ओढ्याच्या वर, या सरड्यांवर संशोधन करणारं एक छोटं केंद्र आहे. खोल्या तीन, ओसरी एक आणि जीप एक. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, हे कळायला लोकांना वेळ लागला. सुरुवातीला एकजण खोकणाऱ्या बापाला घेऊन त्यांच्या दारात गेला होता. त्यांनी म्हाताऱ्याला चहा पाजला आणि जीपमधून दवाखान्यात पोहोचवलं.

ती जीप माझा दादा चालवायचा. सरडे किती आहेत, कुठल्या झुडपावर झोपतात, किती लांब जातात, माद्या अंडी घालायला जमिनीवर कधी उतरतात, हे सगळं तिथे मोजतात. दादा म्हणायचा, सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं, त्याला एवढं डिझेल कशाला जाळायचं. वहिनी कधीतरी गंमत म्हणून त्याच्याबरोबर जीपमध्ये बसली आणि तिला चटाचट सरडे दिसायला लागले. दादा गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी ओढ्याकाठची वाट तिच्याच हवाली केली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, मी माझ्या शिलाई मशीनवर आणि ती तिच्या ओढ्यावर.

काम सुरू व्हायचं दिवेलागणीनंतर. अंधार पडला की हे सरडे झोपतात आणि झोपले की त्यांचा रंग उतरतो, पार फिका होतो. बॅटरीच्या उजेडात पानाची मागची बाजू चमकावी तसे दिसतात. झोपतात अगदी फांदीच्या टोकाला, शेपटीची गुंडाळी करून. साप वर चढायला लागला तर फांदी हलावी आणि जाग यावी, म्हणून. वहिनी त्या फांदीला चिंधी बांधायची. सकाळी बाई येऊन सरडा मोजायच्या, वजन करायच्या आणि परत त्याच फांदीवर, त्याच टोकावर सोडायच्या. चिंध्या माझ्याकडच्या. सगळ्या वस्तीचे फ्रॉक आणि पडदे त्या ओढ्याकाठी फडफडत असायचे.

एकदा मी तिला विचारलं होतं की तुलाच कसे दिसतात. ती म्हणाली, बघायचंच नाही. डोळे सैल सोडायचे, झोप येत असल्यासारखे. सरडा समोरून कधी दिसत नाही, तो डोळ्याच्या कोपऱ्यातून येतो. मला वाटलं, काहीतरी फेकतेय.

यंदा चिंध्या संपेचनात. मी भरून दिलेली पिशवी तशीच परत यायची. केंद्रातही तेच बोलणं सुरू झालं, की ओढ्याकाठचे सरडे नाहीसे होताहेत. डॉक्टरीणबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांनी ओढ्याचं पाणी तपासलं, माती तपासली, किडे मोजले, काही सापडेना. शेवटी त्यांनी वरच्या कार्यालयाला कळवलं की उरलेले सरडे उचलून केंद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवावे लागतील, तिथेच त्यांची पैदास करावी लागेल, नाहीतर काहीच उरणार नाही. सुताराने पिंजरे करून ओसरीवर रचूनही ठेवले. बाईंनी वहिनीचा हात धरून सांगितलं, तुमच्याइतके त्यांना कुणी ओळखत नाही, तुम्हीच पकडा. वहिनी घरी आली आणि चपलाही न काढता उंबऱ्यावर बसून राहिली.

घरात तिचं धडपडणं चाललंच होतं. बाजूचं स्टूल पायात यायचं, खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, मी डावीकडून दिलेला कप सांडायचा. माझ्या नाकावर राग. मी कडाकडा बोलायची, लक्ष कुठे असतं म्हणून. डोळ्यांची शंका मला कशी येणार? माझ्या सुईत दोरा ती एका फटक्यात ओवून द्यायची, मला चार वेळा थुंकी लावावी लागते. रात्री दिवा लावला की म्हणायची, बघ ना, दिव्याभोवती कसं रंगीत कडं पडलंय. खुशीत सांगायची. मी म्हणायची, तुझं काहीतरीच.

मग एकदा मी तिच्या शेजारी उभी राहून बशी पुढे केली, काही न बोलता. तिने ती घेतली नाही. समोर बघून हसत बोलत राहिली. बशी तिच्या गालापासून वीतभर लांब होती. मी बशी खाली ठेवली आणि मशीनवर जाऊन बसले, पण टाका सरळ पडेना.

पिंजरे भरायला सुरुवात व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, आज तू चल माझ्याबरोबर. मला पालीचीसुद्धा भीती वाटते, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी मी गेले.

ओढ्यावर हवा थांबलेली होती. पाणी कुठेतरी खाली स्वतःशीच बोलत होतं. बॅटरीचा उजेड पानांवरून सावकाश सरकत होता आणि मागे सगळं पुन्हा मिटत होतं. वहिनी इतकी हळू चालत होती की आपण चालतोय की वाटच आपल्याखालून सरकतेय, ते मला कळेना. भीती बाजूलाच राहिली. मला गुंगी आल्यासारखं झालं, डोळे आपोआप सैल पडले. आणि उजव्या हाताला, फांदीच्या टोकावर, काहीतरी फिकट दिसलं. शेपटीची गुंडाळी, मिटलेला डोळा. वहिनी पुढे गेली. मग आणखी एक, ओढ्याच्या बाजूला. तीही फांदी मागे पडली. मग एका झुडपावर दोन, थोड्या अंतराने, शांत. वहिनी समोरचा उजेड बघत चालली होती. काखेत कळसा म्हणतात ना, तसं, आणि मला रडू येत होतं.

वाट वळते त्या वाकणावर ती थांबली. तिने वळून माझ्याकडे बघितलं, अख्खी मान वळवून.

"वन्सं, खरं सांगा. तुम्हाला दिसतायत का?"

मला वन्सं आणि तुम्ही ती फक्त रागात म्हणते. पण त्या वेळी राग नव्हता.

"हो," मी म्हणाले. "तुझ्या कानाशी एक आहे."

तिने बॅटरी माझ्या हातात दिली आणि हात वर नेला. बोटं पानांवरून चाचपत गेली, थांबली. सरडा हलला. मग त्याने एक एक करून पावलं उचलली आणि तिच्या बोटाला चिमट्यासारखं धरलं, लहान मूल धरतं तेवढ्याच जोराने. उजेडात त्याचा फिका रंग हळूहळू हिरवा होत गेला. मी किती वेळ बॅटरी धरून उभी होते, सांगता येणार नाही. वहिनी हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. आहेत गं, आहेत सगळे, एवढंच ती म्हणत राहिली. त्या आनंदात तिला स्वतःच्या डोळ्यांचं सुचलंच नव्हतं. मला मात्र तेच सुचलं होतं, आणि तिचा रागही आला होता.

परत येताना मी तिला बजावलं की मूग गिळून बस. आधी डोळे दाखवू, औषध घेऊ, बोलायचं ते मग बोलू. हे काम गेलं तर ती संध्याकाळी करणार काय, माझं मशीन ऐकत बसणार? या ओढ्याशिवाय दादानंतर तिला दुसरं होतं काय? ती चालता चालता थांबली.

"ते बिचारे छान झोपलेत तिथे. मला दिसत नाहीत म्हणून त्यांना पिंजऱ्यात कोंडायचं?"

मी बॅटरी तिच्या पुढच्या वाटेवर धरली.

सकाळी ती केंद्रात गेली, मी सोबत होते. ओसरीवर उभं राहूनच तिने सांगितलं, की सरडे कमी झालेले नाहीत, कडेचं दिसायचं मला बंद झालंय. डॉक्टरीणबाई एका पिंजऱ्यावरच बसल्या. वर्षभराची मोजणी फुकट गेली होती, वर कळवून झालं होतं. मला वाटलं, आता आग पाखडणार. त्या उठल्या आणि जीपची किल्ली घेऊन आल्या. दवाखान्याच्या वाटेत म्हणाल्या की चूक त्यांचीच, एवढ्या वर्षांत त्यांनी सरड्यांचं सगळं तपासलं, शोधणाऱ्या माणसाचे डोळे एकदाही तपासले नाहीत. वरच्या कार्यालयालाही त्यांनी तसंच लिहून पाठवलं.

दवाखान्यात काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. पिंजरे सुतार परत घेऊन गेला, त्यात आता त्याच्या कोंबड्या असतात. ओढ्याकाठची वाट दोन नव्या बायकांना मिळाली. आधी दोघींचे डोळे तपासून आणले, मग बॅटरी हातात दिली.

त्यांची पहिली मोजणी झाली, तेव्हा वहिनीच्या हट्टापायी मलाही जावं लागलं. चिंध्यांची पिशवी रिकामी करूनच मी घरी आले. ती दिवा न लावता दारात बसली होती. मी तिला सगळं सांगायला लागले. तिने डोळे मिटून घेतले आणि एकेक झुडूप विचारू लागली. काटेरीवर? आहे. पडक्या बांधाच्या वेलीवर? दोन आहेत. पाणी अडतं तिथे? आहे, छोटासा, या वर्षीचाच असेल. ती वाटेने चालत होती हे मला दिसत होतं, तिचे पायसुद्धा जमिनीवर थोडे हलत होते.

"आणि वाकणावर, माझ्या बोटावर चढलेला?"

"तो नाही," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले नाहीत. "नाही असं म्हणू नये गं," ती म्हणाली. "दिसला नाही म्हणावं."