न फुटणाऱ्या बांगड्या

ठाण्याच्या बाजारात प्लास्टिकच्या बांगड्या नव्यानेच आल्या होत्या. मी त्या बघत होते, तेवढ्यात कळव्याच्या मिठागरात काम करणारी एक बाई शेजारी येऊन बसली. तिने एक बांगडी उचलली आणि सरळ दगडावर आपटली.

“अगं बाई, फुटत नाही म्हटलं म्हणून काय आपटून बघायची?” कासार दचकलाच.

“नाय फुटली!” ती खुदकन हसली आणि मला म्हणाली, “मीठ ओढताना रोज येक तरी काचेची बांगडी फुटते. सासू बोलते, माझ्या पोराच्या जीवावर उठलीस. आता तो शंभर वर्सं जगंल!”

दोन्ही हात भरून ती उठली. त्या बांगड्यांना किणकिण नव्हती, तरी ती हात हलवत, हसत गेली. नवऱ्यासाठी इतक्या आनंदाने मी कधीच काही घेतलेलं नाही.